सोसायटीच्या जिन्यात आणीबाणीचे दिवे कसे बसवावेत आणि कसे तपासावेत

इमारतीत आग लागली की जिन्यातली वीज बहुतेक वेळा जातेच. कधी शॉर्टसर्किटमुळे एमसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारा स्वयंचलित स्विच, पडतो, कधी आग मीटर रूममध्येच असल्याने केबल जळते, कधी एखादा रहिवासी प्रसंगावधान राखून मुख्य स्विच खाली ओढतो, आणि हे काहीच झाले नाही तरी पाण्याचा मारा सुरू करण्यापूर्वी अग्निशमन दल पुरवठा बंद करून घेते. सगळ्या मजल्यांवरची माणसे जिन्याकडे धावतात त्याच वेळी जिन्यात अंधार होतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला लागलेल्या आगीचा धूर वर चढला, वीज गेली, बाल्कनीतील प्रेक्षकांना वाट दाखवणारे दिवे नव्हते आणि 59 माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, तर धुरात गुदमरून गेला. बाहेर पडण्यास जितका उशीर होतो तितका धूर अधिक छातीत जातो, म्हणून सुटकेच्या मार्गावरील उजेड ही सोयीची नव्हे, तर जीव वाचवण्याची व्यवस्था आहे.

आणीबाणीच्या दिव्यांविषयीचे, म्हणजे नेहमीची वीज गेल्यावर आपोआप पेटणाऱ्या दिव्यांविषयीचे, पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने महाराष्ट्रातील पाच ते दहा मजल्यांच्या, आधीच वस्ती असलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांसाठी आहे. अशा इमारतींत बहुधा एकच जिना असतो, तो अनेकदा चारही बाजूंनी बंद असल्याने दिवसाही अंधारा असतो, आणि तिथले दिवे सामाईक मीटरवर चालतात. नव्या उत्तुंग इमारतींमध्ये ही कामे वास्तुविशारद आणि अग्निसुरक्षा सल्लागार आराखड्यातच करून घेतात. जुन्या इमारतीत मात्र ती समितीने स्वतः समजून घेऊन करून घ्यावी लागतात.

किती उजेड, किती वेळ

नॅशनल बिल्डिंग कोड 2016 च्या चौथ्या भागात, म्हणजे आग व जीवसुरक्षेच्या भागात, याचे निकष दिलेले आहेत. सुटकेच्या मार्गाच्या मध्यरेषेवर, जमिनीच्या पातळीला, किमान 10 लक्स उजेड असावा (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप). मार्ग दोन मीटरपर्यंत रुंद असेल तर त्याच्या निम्म्या रुंदीवर किमान 5 लक्स मिळावा. नेहमीची वीज गेल्यापासून 5 सेकंदांच्या आत दिवे लागावेत. आणि इमारत कितीही लहान असली तरी ते किमान 90 मिनिटे टिकावेत. 10 लक्स हा काही लखलखाट नव्हे, पण पायरीची कड, कठडा आणि वाटेत पडलेली चप्पल दिसायला तो पुरतो. 90 मिनिटांच्या अटीबद्दल सभेत नेहमी विचारणा होते, कारण सात मजले उतरायला पाच-सात मिनिटे पुरतात असा हिशेब मांडला जातो. तो हिशेब धडधाकट माणसाचा आहे. वृद्ध, गरोदर स्त्रिया, शस्त्रक्रियेनंतर घरी आलेले रुग्ण, गाढ झोपेतून उठलेली मुले यांना वेळ लागतो, आणि त्यांच्यासाठी वर चढणाऱ्या जवानांनाही त्याच जिन्यात त्याच उजेडात काम करावे लागते.

वीज कोठून घ्यावी

या कामातील सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हा भाग सविस्तर वाचावा आणि काम सुरू होण्यापूर्वी वायरमनबरोबर एकदा बोलून घ्यावा.

पहिला प्रश्न जनरेटरचा. अनेक संस्थांत लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी जनरेटर असतो आणि जिन्याचे दिवेही त्यावर जोडलेले असतात, त्यामुळे वेगळ्या दिव्यांची गरज नाही असे समितीला वाटते. जनरेटर सुरू होऊन भार उचलेपर्यंत काही सेकंद जातात. तो हाताने सुरू करावा लागत असेल तर रखवालदार तिथे पोहोचेपर्यंत काही मिनिटेही जातात. त्याहून गंभीर बाब अशी की जनरेटरची वीजही त्याच मीटर रूममधून आणि त्याच उभ्या डक्टमधून वर जाते. आग तिथेच असेल तर दोन्ही पुरवठे एकत्र जातात. तळमजल्यावर एकच मोठा इन्व्हर्टर बसवून सगळा जिना त्यावर चालवण्याच्या योजनेतही हाच दोष राहतो. आगीत टिकून राहणाऱ्या विशेष केबलने आणि स्वतंत्र मार्गाने वायरिंग केले तर केंद्रीय बॅटरीची व्यवस्था उत्तम चालते, पण जुन्या इमारतीत तो खर्च आणि तोडफोड सहसा परवडत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की अशा संस्थांनी ज्याच्या आतच बॅटरी आहे असा स्वयंपूर्ण दिवा निवडावा. त्याची वायर जळाली तरी तो पेटतो, आणि एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात.

दुसरा प्रश्न हा दिवा कोणत्या सर्किटवर जोडायचा याचा आहे. वायरमनला मोकळे सोडले तर तो जवळच्या कोणत्याही सॉकेटमधून, कधी लिफ्टच्या तर कधी पंपाच्या लाइनवरून, फेज, म्हणजे वीज आणणारी तार, घेतो, कारण ते सोपे पडते. अशा वेळी जिन्याच्या दिव्यांचा एमसीबी पडला तर जिना काळोखात जातो, पण आणीबाणीच्या दिव्याला मात्र वीज मिळतच असते, म्हणून तो शांतपणे चार्ज होत राहतो आणि पेटत नाही. म्हणूनच आणीबाणीचा दिवा त्याच ठिकाणच्या नेहमीच्या दिव्याच्या सर्किटवरच जोडला पाहिजे. काही इमारतींत सम मजल्यांचे दिवे एका फेजवर आणि विषम मजल्यांचे दुसऱ्या फेजवर असतात. तेथे प्रत्येक आणीबाणीच्या दिव्याला आपापल्या मजल्याचाच फेज मिळाला आहे ना, हे एकेक एमसीबी पाडून पाहावे.

तिसरी गोष्ट स्विचची. सर्किट तेच हवे, पण फेज स्विचच्या आधीचा हवा. स्विचच्या पुढून फेज घेतला तर सकाळी रखवालदाराने जिन्याचे दिवे बंद करताच आणीबाणीच्या दिव्याला वीज गेल्यासारखे वाटते, तो पेटतो, दीड-दोन तासांत बॅटरी रिकामी होते आणि रोजच्या या उपवासाने ती काही महिन्यांत निकामी होते. हालचाल टिपणारे सेन्सर किंवा टायमर लावलेल्या जिन्यांत हीच चूक अधिक घातक ठरते, कारण तेथे वीज दिवसातून शेकडो वेळा येते आणि जाते. फेज सेन्सरच्याही आधी, थेट एमसीबीतून येणाऱ्या तारेवरून घ्यावा.

बाजारात सहज मिळणाऱ्या इन्व्हर्टर बल्बविषयी येथेच सांगणे आवश्यक आहे. नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारे, आत छोटी बॅटरी असलेले हे बल्ब स्वस्त आहेत आणि घरात उपयोगी पडतात, पण सुटकेच्या मार्गावर त्यांच्यावर विसंबू नये. वीज गेली आहे की कोणी स्विच बंद केला आहे, हे ते सर्किटला जोडलेल्या इतर उपकरणांमधून परिपथ पूर्ण होतो का यावरून ओळखतात. त्यामुळे स्विच बंद असताना वीज गेली तर ते पेटत नाहीत, आणि फक्त जिन्याचा एमसीबी पडला तर पेटतीलच याची खात्री देता येत नाही. शिवाय बल्बच्या उष्णतेजवळ ठेवलेली बॅटरी लवकर थकते.

दिवे कोठे लावावेत

सुटकेच्या मार्गावर एकदा वरून खाली चालत जावे आणि अंधारात माणूस कोठे थबकेल किंवा कोठे चुकेल हे पाहत प्रत्येक जागेवर खडूने खूण करावी. कोडची अपेक्षाही याच अर्थाची आहे: जिन्यातील पायऱ्यांच्या प्रत्येक ओळीवर थेट उजेड पडावा, वळणे, पॅसेज एकमेकांना मिळतात ती ठिकाणे, बाहेर पडण्याची दारे आणि जमिनीची पातळी बदलते ती जागा यांजवळ दिवा असावा, आगीची सूचना देणारे बटण, अग्निशामक सिलिंडर आणि होज रील, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याची गुंडाळलेली नळी, सापडतील इतका उजेड तेथे पोहोचावा, आणि शेवटच्या दाराच्या बाहेरही एक दिवा असावा. हा बाहेरचा दिवा बहुतेक संस्था विसरतात. दारातून बाहेर पडल्यावर दोन पायऱ्या, पाण्याच्या टाकीचे झाकण, उभ्या दुचाक्या आणि पार्किंगचा काळोख असतो, आणि मागून माणसांचा लोंढा येत असताना पहिला माणूस तिथेच अडखळला तर सगळा जिना तुंबतो. बाहेरच्या दिव्यात कोकणातल्या पावसाचे पाणी शिरणार नाही असा आयपी65 दर्जा असावा.

हिशेब कसा करावा यासाठी तळमजला अधिक सात मजल्यांची, मध्ये एक लँडिंग घेऊन वळणाऱ्या जिन्याची इमारत घेऊ. प्रत्येक मजल्याच्या लँडिंगवर एक म्हणजे तळमजल्यासह 8 दिवे, दोन मजल्यांमधील लँडिंगवर एकेक म्हणजे 7, सातव्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या भागात 2, आणि मुख्य दाराबाहेर 1, असे 18 दिवे होतात. मीटर रूम आणि पंप रूममध्ये प्रत्येकी एक धरला तर 20. मजल्यावर लिफ्टपासून जिन्यापर्यंत लांब पॅसेज असेल, किंवा जिन्याला वेगळे दार असेल, तर प्रत्येक मजल्यावर आणखी एक लागतो. लँडिंगवरील दिवा दोन्ही ओळींवर उजेड टाकेल अशा कोपऱ्यात लावावा. तो खांबाच्या किंवा तुळईच्या आड गेला तर खालच्या अर्ध्या पायऱ्यांवर सावली पडते, आणि सावलीतली पायरीच चुकते.

दिव्याची उंची हा जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. सवयीने आपण दिवा छताला लावतो, पण धूर आधी छताखाली साचतो आणि तेथून खाली उतरत येतो, त्यामुळे छताचा दिवा सर्वांत आधी झाकला जातो. दिवा डोक्याला लागणार नाही इतपत, म्हणजे जमिनीपासून किमान दोन मीटरवर, पण ही मर्यादा पाळून शक्य तितका खाली, भिंतीवर लावावा. पायऱ्यांच्या बाबतीत ही उंची खालच्या पायरीवरून नव्हे, तर दिव्याच्या खालून माणूस ज्या पायरीवरून जाणार आहे त्या पायरीवरून मोजावी.

दिवा आणि बॅटरी

सव्वा मीटर रुंदीच्या आणि तीन मीटर लांबीच्या पायऱ्यांवर 10 लक्स मिळवायला तत्त्वतः 40 ल्युमेनपेक्षाही (ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) कमी उजेड लागतो, पण दिव्याचा प्रकाश भिंती, छत आणि हवेत विखुरतो, रंग मळलेला असतो, आणि उजेड सर्वत्र सारखा पडत नाही. म्हणून साधारण 250 ते 300 ल्युमेन देणारा 3 वॉटचा एलईडी दिवा प्रत्येक लँडिंगवर धरावा आणि बसवल्यानंतर रात्री लक्समीटरने खात्री करावी. मोबाइलमधील अॅप ढोबळ अंदाजापुरते ठीक आहे. स्वीकृतीच्या वेळी मात्र कंत्राटदाराकडून खरा लक्समीटर मागवावा आणि मीटर पायरीवर ठेवून मोजमाप घ्यावे. आणीबाणीत दिवा किती ल्युमेन देतो हे खोक्यावर वेगळे लिहिलेले असते किंवा नसते. नसेल तर विचारावे, कारण काही दिवे वीज असताना 10 वॉटचे असतात आणि बॅटरीवर त्यांचा उजेड पाव राहतो.

बॅटरीचे गणित सोपे आहे. 3 वॉटचा दिवा दीड तास चालवायला 4.5 वॉट-तास लागतात. चार्जिंगमधील आणि सर्किटमधील तूट, आणि वयोमानाने घटणारी क्षमता लक्षात घेता नव्या बॅटरीत याच्या दुप्पट, म्हणजे 9 ते 10 वॉट-तास असावेत. 3.2 व्होल्टची 3 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 9.6 वॉट-तास देते आणि या कामाला नेमकी बसते. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी स्वस्त पडते, परंतु तिच्यावर छापलेली क्षमता वीस तासांत हळूहळू वापरली तर मिळणारी असते, दीड तासात ती पुष्कळ कमी मिळते. शिवाय उष्णतेत ती लवकर मरते. विदर्भातील किंवा खानदेशातील उन्हाळ्यात गच्चीलगतच्या शेवटच्या लँडिंगवर, जिथे वर तापलेली स्लॅब असते, लेड-अॅसिड बॅटरीकडून तीन-चार वर्षांची अपेक्षा ठेवू नये. दिव्याचे आवरण सहज पेट घेणारे नसावे, त्यावर चार्जिंग दाखवणारा छोटा दिवा आणि तपासणीचे बटण असावे, आणि बॅटरी स्वतंत्रपणे बदलता यावी. संपूर्ण दिवाच फेकावा लागत असेल तर संस्था तो बदलण्यात चालढकल करते, हा मानवी स्वभाव आहे.

वायरिंग आग न पसरवणाऱ्या आणि कमी धूर करणाऱ्या एफआरएलएस वायरचे असावे, धातूच्या आवरणाच्या दिव्याला अर्थिंग द्यावे, आणि हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. जिन्याच्या दिव्यांचा एमसीबी लिफ्ट आणि पंपापासून वेगळा करून त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, म्हणजे पुढे तपासणी करताना लिफ्ट बंद करावी लागणार नाही.

पाट्या आणि चमकत्या पट्ट्या

उजेडाबरोबर दिशाही कळली पाहिजे. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा धावता माणूस आणि बाण असलेली पाटी वाचता न येणाऱ्यालाही समजते. त्याखाली मराठीत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असे लिहावे. लिफ्टजवळ ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये, जिन्याने उतरावे’ ही सूचना हवी, आणि प्रत्येक लँडिंगवर मजल्याचा क्रमांक मोठा लिहावा, जो धुरात अडकलेल्या माणसाला फोनवर आपला ठावठिकाणा सांगताना आणि जवानाला तो शोधताना उपयोगी पडतो. जिना तळमजल्यावर न थांबता तळघरात जात असेल तर तळमजल्याच्या लँडिंगवर बाहेरच्या दाराकडे निर्देश करणारी उजळ पाटी अत्यावश्यक आहे. घाबरलेली माणसे पायऱ्या संपेपर्यंत उतरत राहतात आणि थेट तळघरात पोहोचतात. गच्चीचे दार कुलूपबंद राहत असेल तर वर नेणारा बाण कोठेही नसावा.

अंधारात चमकणाऱ्या फोटोल्युमिनेसंट पट्ट्या पायऱ्यांच्या कडेला आणि कठड्याच्या बाजूने लावल्यास धुराखालीही वाट दिसते, कारण त्या जमिनीलगत असतात. मात्र त्या स्वतः उजेड निर्माण करत नाहीत. आधी शोषलेला उजेड परत देतात. ज्या जिन्यात सेन्सरमुळे दिवे बहुतेक काळ बंद असतात आणि खिडकीही नाही, तेथे या पट्ट्या पुरेशा भरलेल्या नसतात. तेथे लँडिंगवरचा एक दिवा कायम चालू ठेवावा, आणि कोणत्याही परिस्थितीत पट्ट्यांना दिव्यांचा पर्याय मानू नये.

तपासणी

बसवलेला दिवा पेटतोच असे गृहीत धरता येत नाही. त्यावरचा हिरवा दिवा चार्जिंग सुरू असल्याचे सांगतो, बॅटरीत जीव असल्याचे नव्हे. बटण दाबून पाहणेही अपुरे आहे, कारण त्यामुळे वायरिंगमधील चूक उघडी पडत नाही. अमेरिकेच्या एनएफपीए 101 या संहितेत दरमहा 30 सेकंदांची आणि वर्षातून एकदा पूर्ण 90 मिनिटांची तपासणी सांगितली आहे, आणि हा क्रम आपल्याकडेही पाळण्यासारखा आहे.

महिन्याच्या तपासणीसाठी प्रत्येक दिव्याला रंगाने क्रमांक द्यावा. ठरलेल्या दिवशी अंधार पडल्यावर जिन्याचा एमसीबी पाडावा आणि समितीच्या एका सदस्याने रखवालदारासह गच्चीपासून बाहेरच्या दारापर्यंत उतरत प्रत्येक दिवा पाहावा. यासाठी 30 सेकंद पुरणार नाहीत, पण दहा मिनिटांच्या फेरीत उजेड कोठे कमी पडतो, कोणाचे शू-रॅक वाटेत आले आहे, कोणत्या लँडिंगवर सायकल ठेवली आहे, हेही दिसते.

वर्षातील 90 मिनिटांची तपासणी मात्र दिवसा आणि दोन टप्प्यांत करावी. पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला साधारण 24 तास लागतात, आणि सगळे दिवे एकाच दिवशी रिकामे केले तर त्या रात्री इमारत उघडी पडते. एका दिवशी सम क्रमांकाचे आणि दोन दिवसांनी विषम क्रमांकाचे दिवे तपासावेत. ज्यांची तपासणी करायची नाही त्यांची बॅटरी त्या वेळेपुरती वायरमनने वेगळी करावी आणि नंतर आठवणीने जोडावी. 90 मिनिटांपूर्वी मंद झालेल्या दिव्याची बॅटरी त्याच आठवड्यात बदलावी. जुन्या बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. त्या विक्रेत्याला परत द्याव्यात, आणि लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती जिन्यात साठवून ठेवू नये.

प्रत्येक तपासणीची नोंद वहीत करावी: तारीख, दिव्याचा क्रमांक, पेटला की नाही, किती वेळ टिकला, काय दुरुस्ती केली आणि कोणी सही केली. ही वही केवळ संस्थेच्या कामाची नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ब, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा त्याच्यापुढे वही ठेवावी, जिन्याचा एमसीबी त्याच्या समक्ष पाडावा, आणि त्याने गच्चीपासून खालपर्यंत स्वतः चालत येऊन दिवे पाहिल्यानंतरच सचिवांनी त्याच्या कामाच्या पावतीवर सही करावी.